पारूअक्काची चटणी

चटणी कांडायला आलेली बाई आपल्या मिरचीजवळून हलत नाही. तहान लागली तर शेजारणीला पाणी आणायला लावील, घरून चार फोन आले तरी ‘आलोच’ म्हणून ठेवून देईल, पण डब्याला झाकण लागेपर्यंत उठायची नाही. नजरेआड आपल्या मिरचीत दुसरीची मिरची मिसळली तर? कांडपवालीनं मूठभर मागं ठेवली तर? एकतीस वर्षं मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेत मिरची कांडप चालवलं आणि एकतीस वर्षं माझ्यावर असा बायकांचा पहारा होता. मला त्याचा कधी राग आला नाही. घरातली वर्षभराची चव त्या डब्यात असते. त्याला राखण लागतेच.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडं सांगते. आमच्याकडं चटणी म्हणजे तोंडी लावायची ओली चटणी नव्हे. लाल मिरची, धणे, तीळ, खोबरं, खडा मसाला, त्यात तेलावर परतलेला कांदा, लसूण, आलं, कोथिंबीर, आणि वर मीठ. हे सगळं एकत्र कुटून उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करायची. आमटीत तीच, मटणात तीच, आणि काही नसलं की तेल घालून भाकरीवरही तीच. पूर्वी घरोघरी उखळात कुटायचे. आता मोटारीवर चालणारी लोखंडी मुसळं असतात, एकाआड एक वर जातात आणि धाडकन खाली येतात. ‘गिरणीतून दळून का आणत नाही?’ असं पाहुणे विचारतात. गिरणीत मिरची तापते, तिचा वास उडून जातो. कुटलेल्या चटणीला तेल सुटतं. हा फरक ज्याला कळतो त्याला सांगावा लागत नाही आणि ज्याला कळत नाही त्याला सांगून उपयोग नाही.

सामान सगळ्यांचं तेच, तरी दोन घरांची चटणी सारखी होत नाही. एकीला रंग हवा म्हणून ती ब्याडगी मिरची वाढवते, दुसरीला डोळ्यांतून पाणी आल्याशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही म्हणून ती लवंगी घालते. कुणाला दगडफुलाचा वास लागतो, कुणाला नागकेशराचा. पाच-सहा वर्षं धंदा केल्यावर माझ्या नाकाला घरं ओळखू यायला लागली. डोळे मिटून वास घेतला की हा डबा कुणाचा ते मी सांगायची. बायका गंमत म्हणून परीक्षा घ्यायच्या. मी क्वचित चुकायची.

त्या नाकामुळं एकदा एक निवृत्त हेडमास्तर माझ्याकडं आले. इस्त्रीचा शर्ट, हातात काचेची बरणी, बरणीच्या तळाशी दोन चमचे चटणी. बायको जाऊन चार महिने झाले होते. सुनेनं दोनदा चटणी केली, पण त्यांच्या घशाखाली उतरेना. बाईंनी प्रमाण कुठं लिहून ठेवलं नव्हतं. मास्तर म्हणाले, “मी आयुष्यभर मुलांना सांगितलं, लिहून ठेवत जा. घरात मात्र कधी विचारलं नाही.”

मी ती चटणी हुंगली, जिभेवर ठेवली. मिरची, धणे, खोबरं सगळं ओळखीचं. पण मागून एक बारीक कडवट चव येत होती आणि ती वाईट लागत नव्हती. दोनदा थोडी थोडी करून बघितली, जमली नाही. तिसऱ्यांदा मी चार दाणे मेथी तेलात पार काळपट होईपर्यंत तळून घातली. मास्तरांनी तिथंच पोत्यावर बसून भाकरीच्या तुकड्याबरोबर खाल्ली. रुमालानं डोळे पुसले, ते चटणीमुळं का कशामुळं मी विचारलं नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात मिरची घेऊन आले तेव्हा वही आणली होती.

या असल्या गोष्टींनी माझ्या डोक्यात थोडी हवा गेली होती, हे आधीच कबूल करते. ‘वैनींच्या नाकातून काही सुटत न्हाय,’ असं बायका म्हणायच्या आणि मला ते खरं वाटायचं. आता जे सांगणार आहे त्यात माझं नाक बरोबर निघालं. मी मात्र चुकले.

तीन उन्हाळ्यांपूर्वीची गोष्ट. पारूअक्का नावाची आचारीण माझ्याकडं बरीच वर्षं चटणी कांडायला यायची. मूळची कोडोलीची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून जेवणाच्या ऑर्डरी घेऊन तिनं दोन मुली शिकवल्या, त्यांची लग्नं केली. बारसं, जावळ, साखरपुडा, असं दोनशे माणसांपर्यंतचं जेवण ती दोन बायका हाताशी घेऊन एकटी उठवायची. अंगानं बारकी, बोलणं तुटक. आमच्याकडं बायकाही ‘मी आलो, मी गेलो’ असं पुरुषासारखं बोलतात. अक्काच्या तोंडी ते शोभून दिसायचं. तिचा तांबडा रस्सा खाल्लेला माणूस दुसऱ्या आचाऱ्याचं नाव काढायचा नाही. त्या रश्शाची चटणी माझ्या कांडपातली, म्हणून त्या कौतुकात मीही गुपचूप वाटा धरायची.

त्या चैत्रात पेठेतल्या मोहित्यांच्या घरी थोरल्या मुलाच्या बाळाचं जावळ होतं. रविवारचं दुपारचं जेवण, बंगल्याच्या गच्चीवर मांडव. जेवण पारूअक्काचं. पहिली पंगत छान झाली. दुसरी पंगत उठता उठता एकीला मळमळायला लागलं, मग दुसऱ्याला, आणि अर्ध्या तासात पंधरा-सोळा माणसं वांत्या करून हैराण झाली. दवाखान्यात नेलं, काहींना सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, अन्नातून बाधा झालीय. दिवस मावळायच्या आत सगळे बरे होऊन घरी आले, पण तोवर बातमी पेठेच्या ग्रुपवर गेली होती.

पहिला निरोप साधा होता, ‘जावळाच्या जेवणातून बाधा.’ तासाभरात कुणीतरी लिहिलं की आचारी बाईनं रंग घातलेली स्वस्त चटणी वापरली. कुणी बघितलं, कुणाला कळलं, काही नाही. त्याच्याखाली एकानं विचारलं, ‘चटणी कुठं कांडली?’ आणि दुसऱ्यानं माझ्या कांडपाचं नाव टाकलं.

सोमवारी सकाळी माझ्याकडं नंबर लावलेल्या नऊ बायकांपैकी चारच आल्या. ज्या आल्या त्या उखळाच्या तोंडात वाकून वाकून बघत होत्या. आधीच्या बाईची चटणी आत राहिलेली नाही ना, हे बघत होत्या. मी मुकाट्यानं सगळं पुसून दाखवलं.

आणि त्याच वेळी पारूअक्का रिक्षातून उतरली. एका लग्नाच्या ऑर्डरीसाठी मिरची भाजून आणली होती. पोतं खांद्यावर घेऊन ती आत आली, नेहमीच्या जागी ठेवलं आणि म्हणाली, “वैनी, आज हुईल न्हवं?”

चार बायका माझ्याकडं बघत होत्या.

मी म्हणाले, “अक्का, आत्ता नको. जरा थांबा थोडं दिवस. लोकांचं डोकं निवू दे.”

तिनं पोत्यावरचा हात काढला नाही. वाद घातला असता तर बरं झालं असतं. तिनं विचारलं, “तुमास्नी बी तसंच वाटतंय?”

मी म्हणाले, “माझ्या वाटण्याचं न्हाय हो. धंदा हाय.”

तिनं पोतं परत खांद्यावर घेतलं. रिक्षा गेली होती. उन्हातून चालत गेली.

आता खरी गोष्ट सांगते. तिची चटणी चांगली आहे हे मला ठाऊक होतं. आठवड्यापूर्वी त्याच जेवणाची चटणी कांडून झाल्यावर तिनं वाटीभर चटणी मला दिली होती, ती माझ्या घरात होती. त्याच सकाळी मी ती भाकरीबरोबर खाऊन कांडपात आले होते. म्हणजे मला संशयही नव्हता. मला भीती होती, एवढंच.

पुढच्या दोन दिवसांत अक्काच्या दोन ऑर्डरी गेल्याचं कानावर आलं. लग्नवाल्यांनी सांगलीचा आचारी ठरवला. मी ऐकून घेत होते आणि मुसळं चालवत होते.

बुधवारी अंजना आली. आमच्या मागच्या गल्लीतली, शाळेत कारकून आहे. तिचा डबा माझ्याकडं राहिला होता. जावळाच्या जेवणात तीही आजारी पडली होती, चेहरा अजून उतरलेला होता. बसवून पाणी दिलं. ती म्हणाली, “वैनी, काय सांगू, पानावरनं उठायच्या आत पोटात ढवळाय लागलं. आन तोंडात कसली ती चव, नाणं चघळल्यावाणी. दोन दिस जाईना.”

नाणं चघळल्यासारखी चव चटणीची नसते. शिळ्या मटणाचीही नसते. आणि मटण नासलेलं असलं तरी पोट बिघडायला काही तास जावे लागतात, इथं तर जेवता जेवता झालं होतं.

मी विचारलं, “रस्सा लई घेतला हुतास काय?”

“रस्सा?” ती म्हणाली, “मी माळ घातलीय की दिवाळीपासनं. मटणाला शिवत न्हाय मी. गोड खाल्लं, आन भात न् दही-कांदा.”

“आन तुझं मालक? त्यास्नी काय झालं न्हाय?”

“त्यांला काय हुतंय? माझ्या शेजारीच बसलते. चार वाट्या तांबडा रस्सा वरपला. दही-कांदा तेवढा घेतला न्हाय, सर्दी हुती म्हणून.”

नवरा-बायको एकाच पंगतीला, शेजारी शेजारी. ज्यानं चटणीचा रस्सा चार वाट्या खाल्ला तो ठणठणीत, आणि जिनं चटणी तोंडालाही लावली नाही ती दवाखान्यात. ग्रुपवरच्या एकालाही हे विचारावंसं वाटलं नव्हतं. मलाही तीन दिवस सुचलं नव्हतं.

उरला दही-कांदा. आणि आंबट पदार्थाला नाण्याची चव कशानं येते हे माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा. तांब्यापितळेच्या भांड्याला आतून कल्हई, म्हणजे कथलाचा मुलामा, नसली आणि त्यात दही, ताक, चिंच असं काही आंबट ठेवलं की ते कळकतं. हिरवट होतं, जिभेला लागतं, पोटात गेलं की उलटून पडतं. आमच्या लहानपणी आई भांड्यात आधी डोकावायची, मगच ताक ओतायची. आता स्टील आलं, कल्हईवाले दिसेनासे झाले आणि ‘कळकलं’ हा शब्दही घरांतून गेला.

दुपारी कांडप बंद करून मी पारूअक्काकडं गेले. जाताना खरं म्हणजे मी खुशीत होते. कोडं सुटलं होतं. आता अक्काला सांगायचं, ती हरखून जाईल, मग दोघी मिळून मोहित्यांकडं जाऊ, असं सगळं मनात रचलं होतं. तिच्या दोन खोल्यांच्या दारात ती कोथिंबीर निवडत बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, परत निवडायला बसली.

मी विचारलं, “अक्का, दही-कांदा कशात कालवला हुता?”

“स्टीलच्या बादलीत.”

“सगळा?”

“पैल्या पंगतीचा.”

“आन दुसऱ्या?”

तिनं कोथिंबिरीची जुडी खाली ठेवली. “वैनी, तुमी पातेल्याचं इचाराय आलायसा न्हवं? ठावं हाय मला. त्याच दिशी कळलं.”

मग तिनंच सांगितलं. दही-कांदा कमी पडला तेव्हा मोहित्यांची धाकटी सून, प्रणाली, घरातून पितळेचं पातेलं घेऊन वर आली. सकाळीच जास्तीचा करून ठेवला होता म्हणाली. सगळ्यांनी नको नको म्हटलं तरी आपल्याही हातचं काही पंगतीत असावं असं तिला वाटलं होतं.

“किती हौसंनं आणलं पोरीनं,” अक्का म्हणाली. “मला म्हणली, अक्का, चव बघा. पंगत बसलीती, मला कुठला येळ? वाढा म्हणलं. समदी वकाय लागली तवा पातेल्यात बघितलं. आत कल्हईचा पत्ता न्हाय, कडंला हिरवं.”

“मग बोलला का न्हाईसा?”

“कुणाला बोलू? तिला त्या घरात येऊन सा म्हैनं झाल्यात. घरचं पैलंच कार्य. माझं काय वैनी, लोकं चार म्हैन्यात इसरत्यात. तिला जलमभर ऐकाय लागंल.” ती परत जुडी उचलत म्हणाली, “माझ्या बी लेकी लोकांच्याच घरात हायत. तुमी बी कुठं बोलू नगा.”

मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. घरी येईपर्यंत डोक्यात एकच चाललं होतं. मी माझं कांडप वाचवायला तिला बाहेर काढलं आणि ती एका परक्या पोरीचा संसार सांभाळायला गप्प बसली होती.

गप्प राहावं का बोलावं हे मला दोन दिवस ठरवता आलं नाही. शेवटी मोहित्यांकडं गेले. अक्कासाठी गेले असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. कांडपाच्या रिकाम्या जागाही डोळ्यांसमोर होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही.

मोहिते वहिनी, म्हणजे प्रणालीच्या सासूबाई, देवळात गेल्या होत्या. दार प्रणालीनं उघडलं. नाशिककडची मुलगी, शिकलेली, बोलणं मऊ. मी सरळ विचारलं नाही. म्हणाले, “शिरोळचा एक कल्हईवाला पेठेत यायचा आहे. तुमच्याकडं कल्हई करायची भांडी असली तर काढून ठेवा.”

तिचा चेहरा पडला. ती आत गेली आणि जुन्या साडीत गुंडाळलेलं पातेलं घेऊन आली. रुखवतातलं पातेलं होतं ते. तिच्या आईनं हौसेनं दिलेलं, नवं कोरं, मांडून ठेवायला म्हणून घेतलेलं. आत कधी कल्हई झालीच नव्हती.

“काकू, मी फोनवर बघितलं होतं, पितळेच्या भांड्यातलं अन्न आरोग्याला चांगलं असतं,” ती म्हणाली. “आत कल्हई लागते हे मला माहीतच नव्हतं. दही हिरवट दिसलं, मला वाटलं कोथिंबिरीमुळं. दुसऱ्या दिवशी शोधून वाचलं तेव्हा कळलं. रोज ठरवते, आज आईंना सांगायचं. मग त्या कुणाशी तरी फोनवर अक्कांना नावं ठेवत असतात आणि मला पुढं होता येत नाही.”

ती रडत होती. तिला तेवढ्यावर सोडून मी परत येऊ शकले असते. पण मी म्हणाले, “अक्कांना माहीत आहे. त्या दिवसापासून. तुझं नाव येऊ नये म्हणून त्या बोलल्या नाहीत.”

अक्काचा शब्द मी तिथं मोडला. प्रणालीचं रडणं थांबलं. ती पातेलं मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली, आणि वहिनी देवळातून आल्या तेव्हा त्यांनी चप्पल काढायच्या आत उठून म्हणाली, “आई, त्या दिवशीची चूक माझी होती.”

मोहिते वहिनी कडक बाई. पेठेत त्यांच्यापुढं कुणी आवाज चढवत नाही. त्यांनी सगळं उभ्यानं ऐकलं. पातेलं हातात घेतलं, खिडकीशी नेऊन आत बघितलं, बोट फिरवलं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेणार.

त्या म्हणाल्या, “ह्यातनं दुसऱ्या पंगतीला वाढलं कुणी?”



“मी वाढलं,” वहिनी म्हणाल्या. “माझ्या हातानं. पळी बुडवताना मला आत दिसलं न्हाय? तुला ठावं नसंल, तू आत्ताची. माझं आयुष्य गेलं पितळंच्या भांड्यात.” मग खुर्चीवर बसल्या. “आन मी त्या बाईला काय काय बोललो,” एवढंच शेवटी म्हणाल्या.

त्याच दिवशी त्यांनी पेठेच्या ग्रुपवर स्वतःच्या आवाजात निरोप टाकला. चूक आमच्या घरच्या भांड्याची होती, जेवणाची नव्हती, चटणीची तर नव्हतीच. सुनेचं नाव घेतलं नाही. ‘माझ्या हातून वाढलं गेलं’ असं म्हणाल्या. आणि दुसऱ्या दिवशी सासू-सून दोघी पारूअक्काच्या दारात गेल्या. तिथं काय झालं ते मला प्रणालीनं पुढं कधीतरी सांगितलं. वहिनींनी ओटी भरली, माफी मागितली. अक्का संकोचून गेली. प्रणाली पाया पडायला वाकली तेव्हा अक्कानं तिला धरून चुलीपुढं बसवलं, गरम भाकरी वाढली आणि म्हणाली, “पोरी, भांडं घासताना भाईर बघतीस तसं आत बी बघत जा. खा.” बाकी काही नाही.

अक्काच्या ऑर्डरी परत सुरू झाल्या. गेल्या वर्षी प्रणालीच्या मुलीचं बारसं झालं, जेवण अक्काचंच होतं. माझ्या कांडपातही नंबर लागायला लागले. बायका येऊन सांगायच्या, वैनी, तुमच्यामुळं छडा लागला. मी हसायची.

अक्काकडं मीही गेले होते. म्हणाले, “अक्का, त्या दिवशी माझं चुकलं. आन तुमचा शब्दही मोडला.” ती म्हणाली, “आसू दे वैनी. चांगलंच झालं की.” चहा केला. दोघींनी घेतला. मला वाटलं, मिटलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी तिची वाट बघत होते. चैत्र गेला, वैशाख अर्धा झाला. मग एक दिवस तिची रिक्षा कांडपावरून पुढं जाताना दिसली, मागं मिरचीचं पोतं. तिनं मला बघून हात वर केला. रिक्षा पुढच्या चौकातल्या कांडपाकडं वळली. त्याच्या पुढच्या वर्षीही तसंच.

मागच्या दिवाळीनंतर मी कांडप विकलं. गुडघे गेले, आणि तो आवाज आता कानांना सोसत नव्हता. विकायच्या आधी अक्का बाजारात भेटली तेव्हा मनातलं विचारून टाकलं. “अक्का, राग हाय काय अजून?”

तिनं भाजीची पिशवी खांद्याला लावली. “राग न्हाय वैनी. द्येवाशपथ न्हाय. पर त्या दिशी बायका बघत हुत्या. परत तितं पोतं घिऊन हुबं ऱ्हायला पाय उचलत न्हाय.”

एकतीस वर्षांत किती जणींची मिरची मी कांडली त्याचा हिशोब नाही. परत पाठवलेलं पोतं एकच. कुठलंही नाक, कुठलाही तपास ते पोतं परत आत आणू शकला नाही. खरं काय ते शोधून काढलं म्हणून लोक मला शाबासकी देतात, पण अक्काच्या चटणीत दोष नाही हे मला आधीच ठाऊक होतं आणि मी तेव्हा बोलले नाही, हे फक्त अक्काला आणि मला माहीत. आता तुम्हाला.

यंदा पहिल्यांदाच मला माझी चटणी दुसऱ्याच्या कांडपात न्यावी लागली. पुढच्या चौकातल्याच. तिथं नंबर लावून, मिरचीची पिशवी पुढ्यात घेऊन, बाकीच्या बायकांसारखी राखण करत बसले. समोर पारूअक्का होती. तिचा नंबर माझ्या आधी होता. मुसळांच्या आवाजात बोलणं तसंही अवघडच.

बऱ्याच वेळानं ती वाकून माझ्या पिशवीत बघायला लागली. एक मिरची उचलली, दुसरी उचलली.

“मिरच्या कुणी निवडल्या ह्या?”

“मीच.”

“देठं ऱ्हायल्यात की निम्मी,” ती म्हणाली, माझी पिशवी स्वतःच्या मांडीवर ओढून घेतली आणि एकेक देठ खुडायला लागली. थोड्या वेळानं मूठभर मिरच्या माझ्या ओच्यात टाकल्या. मग मीही खुडायला लागले.